मधली रेघ

अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात, टाइल्सच्या गोदामात,
एक ते दोन जेवणाची सुट्टी.
बाहेर शेहेचाळीस डिग्री. आत मी, एक पंखा
आणि फोशानच्या लियांगबाई,
ज्या तडा गेलेली टाइल नखाच्या टिचकीने ओळखतात.

हिंदी त्यांना पठाण ड्रायव्हरांनी शिकवली.
पहिला शब्द 'हिसाब'. म्हणून मीही हिसाबच.
सुर्वे, अकाउंट्स, मुक्काम पोस्ट माखजन,
एवढं कोण उच्चारणार.

"हिसाब, मारो."
शिमग्यात पाहिलेला काकाचा दांडपट्टा आठवून
मी हात गरकन फिरवला, खांद्यावरून, ऐटीत.
तो अर्ध्या वाटेत होता तेव्हाच
त्यांची बोटं माझ्या गळ्याशी येऊन थांबलेली,
नखांत पांढरी भुकटी.
"गोल रस्ता, ज्यादा पेट्रोल."

मग खडूने माझ्या कुडत्यावर एक रेघ ओढली,
हनुवटीपासून बेंबीपर्यंत.
हे तुझं दुकान.
हात कुठेही भटकू देत, कोपराने दुकान सोडायचं नाही.
समोरच्याचंही दुकान तिथेच असतं, विसरू नको,
आणि दोन दुकानांमधला रस्ता सरळच असतो.

तीन महिने नुसतं उभं राहणं.
गुडघे आत, बूड खाली,
शेंदूर न फासलेल्या म्हसोबासारखी मी.
मारामारी कधी, विचारलं,
तर म्हणाल्या, पेट्यांच्या थप्पीत सगळ्यात खालची पेटी
काय करते ते बघून ये.
गेले. बघितलं. काहीच करत नव्हती.

चौथ्या महिन्यात मनगटाला मनगट.
डोळे मिटायचे. डोळा बातमी उशिरा आणतो,
कातडीला आधीच कळलेलं असतं.
आलेलं ठेवून घ्यायचं, निघालेल्याला दारापर्यंत सोडायचं,
वाट मोकळी दिसली की विचारत बसायचं नाही.
हे त्यांना एका भट्टीवाल्या मजुराने शिकवलेलं,
कोळसा ओढता ओढता,
त्यामुळे यात एकही उडी नाही.

मी रोज तीच चूक करते.
हात दिसला की हाताच्या मागे धावते,
जत्रेत पोर फुग्यामागे धावतं तशी.
"हाथ नहीं. आदमी."

महिनाअखेर, रात्रीचे नऊ. रेवणकर आला,
भागीदार, आपल्याच बाजूचा, कारवारचा.
व्हाउचरवर आकडा वेगळा, माल वेगळा.
सही कर म्हणाला. नाही म्हटलं.
त्याने दार लोटलं आणि माझं मनगट धरलं.

खरं सांगते, सगळं विसरले.
रेघ, दुकान, पेटी, सगळं.
अंगाला एवढंच आठवलं की ओढायचं नाही.
आजवर प्रत्येक वेळी मी ओढलंच होतं,
बसमध्ये, ऑफिसात, लग्नघरात,
आणि ओढलं की पकड घट्टच होते.
या वेळी अर्धं पाऊल आत गेले, त्याच्या अत्तराच्या वासात.
कोपर पुढे गेलं, मनगट त्याच्या अंगठ्याकडून निसटलं,
तळहात त्याच्या छातीच्या मधोमध टेकला.
टेकला एवढंच म्हणेन.
तो मागच्या पेटीवर बसला,
आणि पेटी त्याच्याखाली करकरली.
कितीतरी वेळ आम्ही दोघं तो आवाज ऐकत राहिलो.

तो गेल्यावर माझे हात इतके थरथरत होते
की रजिस्टरमधली ओळ तिरकी गेली:
तूटफूट, एक पेटी, साठ बाय साठ, बेज.

दुसऱ्या दिवशी लियांगबाईंनी ती पेटी उघडली.
एकेक टाइल टिचकी मारून ऐकली.
सात गेल्या, पाच शाबूत.
मग नोंद वाचली, माझ्याकडे पाहिलं.
"उजवी टाच उचललीस ना?"
उचलली होती.
"श्वास?"
रोखला होता.

माझा व्हिसा अजून रेवणकरच्याच कंपनीचा आहे,
नोव्हेंबरपर्यंत.
बाईंनी खिशातून खडू काढला.
एक वाजून दहा मिनिटं झाली होती.
मी गुडघे आत घेतले.